सव्वीस प्रकाशवर्षांवरची सवत

माझी सवत सव्वीस प्रकाशवर्षांवर राहते. कन्या राशीतल्या एका तांबूस, मंद ताऱ्याभोवती एक्केचाळीस दिवसांत तिची एक फेरी होते. दर फेरीला ती आपल्यासमोरून जायची वेळ आली की माझा नवरा दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि पडद्यासमोर जाऊन बसतो. शर्टाला इस्त्री मीच केलेली असते.

तिचं नाव शर्वरी. कौस्तुभच्या पहिल्या बायकोचं नावही शर्वरीच होतं, आणि हा काही योगायोग नाही. ती गेली तेव्हा त्यांची मुलगी ईरा सहा वर्षांची होती. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं. कौस्तुभ तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावर, दुर्बिणीच्या खोलीत होता. त्याच निरीक्षणात या ग्रहाची पहिली चाहूल लागली. पुढे ग्रह पक्का झाला आणि नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याकडे आला. त्यानं काय सुचवलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

हयात सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं. गेलेलीचा फोटो आतल्या खोलीत लावता येतो. आकाशात टांगलेलीचं काय करायचं, हे मला नऊ वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

ग्रह म्हणजे तरी काय दिसतं म्हणा. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड चिमूटभर कमी होतो. आलेखावर सरळ चाललेली रेघ खाली वाकते, तीनेक तास खाली राहते आणि पुन्हा वर येते. ग्रह कुणालाच दिसत नाही, दिसतो तो रेघेतला खड्डा. तो खड्डा बघून कौस्तुभच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते मी आमच्या लग्नाच्या फोटोंत शोधलं आहे. एकाही फोटोत नाही.

आम्ही दोघं माणदेशातल्या एका उजाड पठारावरच्या वेधकेंद्रात काम करतो. केंद्र लहान आहे. चार खोल्या, मागे कर्मचाऱ्यांची घरं, आजूबाजूला पवनचक्क्या आणि मेंढरं. आमची दुर्बीण मात्र इथं नाहीच. ती सूर्याभोवती फिरते, पृथ्वीच्या बरीच पुढे, आणि तिचं नाव गवाक्ष. एखादा तारा आपल्यासाठी सूर्याआड गेला तरी गवाक्षला तो दिसत राहतो, म्हणून तिचं महत्त्व. ती कधी कुठे बघणार हे मी ठरवते, आणि तिनं पाठवलेलं सगळं पहिल्यांदा मी तपासते. म्हणजे कौस्तुभला त्याच्या शर्वरीची वेळ मी देते. सवतीच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याच कमरेला.

आता माझ्या ग्रहाबद्दल. हो, माझाही आहे. म्हणजे व्हायचा होता.

गरुड तारकापुंजातल्या एका ताऱ्यासमोर असाच एक खड्डा मला अकरा वर्षांपूर्वी दिसला, आणि साडेपाच वर्षांनी दुसरा. तिसऱ्यांदा नेमक्या वेळी दिसला तरच तो ग्रह मानायचा, असा आमच्यात दंडक आहे. तो तिसरा यंदा आश्विनाच्या सुरुवातीला येणार होता, आणि इतका उथळ खड्डा पृथ्वीवरच्या दुर्बिणींना दिसत नाही, फक्त गवाक्षला दिसतो. त्यानंतरचा आणखी साडेपाच वर्षांनी, आणि गवाक्षचं इंधन पुरणार जेमतेम दोन वर्षं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मी नावही ठरवलं होतं. बारशाआधी बाळाला नावानं हाक मारत नाहीत, तसं ते मनातच ठेवलं होतं. ईराला तारीख सांगितली होती. कौस्तुभलाही सांगितली होती, दोनदा.

त्या तारखेच्या सात दिवस आधी अविधवा नवमी होती.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपंधरवड्यातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. घरात पहिलीची नवमी दुसरी करते, त्यात नवल नाही. मी दर वर्षी करते, आणि मनापासून करते. खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि शर्वरीची आवडती म्हणून सुरळीची वडी. ती वडी एकदा तरी नीट उलगडावी म्हणून मी पहिल्या वर्षी तीन वेळा पीठ शिजवलं होतं. सवतीच्या बाबतीत कुणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा माझा हट्ट.

एरवी शेजारच्या वहिनी सवाष्ण म्हणून यायच्या. त्या मुलाकडे परदेशी गेल्या, म्हणून यंदा ईरानं पुण्याहून फोन केला. "मंजू, सुनूमावशीला बोलाव ना या वेळी." ईरा मला मंजू म्हणते. सुनूमावशी म्हणजे सुनेत्राताई, शर्वरीची सख्खी मोठी बहीण, फलटणच्या. आमचं लग्न झाल्यापासून त्यांचं या घरी येणं बंद होतं. मी बोलावलं, आणि त्या आल्या.

योगायोग असा की त्याच दिवशी आकाशातलीचीही फेरी होती. ईरानं बापाकडून कबूल करून घेतलं होतं की सवाष्ण जेवून उठेपर्यंत फोन बंद. कौस्तुभ सोवळं नेसून बाहेर वाढत होता. मी आत वडे तळत होते, आणि माझा फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकून उभा होता.

खड्डा सकाळीच, मी स्वयंपाकाला लागले तेव्हा, वेळेवर सुरू झाला होता. मग तळाशी असताना रेघ आणखी खाली गेली, बरीच खाली, आणि अर्ध्या-पाऊण तासानं तेवढी वर आली. त्यानंतर ती जी तिथं राहिली ती राहिलीच. तीन तास झाले, चार झाले. ग्रहण लागलं ते सुटेना.

आधी वाटलं, यंत्र बिघडलं. पण त्याच चित्रातले शेजारचे तारे ठणठणीत होते. मग माझ्या हातातला झारा तसाच राहिला आणि वडे करपले. शर्वरी ताऱ्यासमोर आली होती आणि तिथंच थांबली होती.

हे कसं होतं ते सांगते. शाळेत शिकवतात की ग्रह ताऱ्याभोवती फिरतो. खरं म्हणजे तो सारखा ताऱ्याकडे पडतच असतो. फक्त आडवा इतक्या वेगात पळत असतो की पडताना दर वेळी ताऱ्याला चुकवतो. गोफणीतला दगड आठवा. दोरी त्याला आत ओढते आणि फिरण्याचा वेग त्याला बाहेर ठेवतो. दोरी तुटली तर दगड लांब जातो, हे पोराटोरांना माहीत असतं. पण दोरी शाबूत ठेवून फिरणंच थांबवलं तर? दगड हातात येऊन पडतो. ग्रहाचंही तसंच. त्याचं फिरणं थांबलं तर तो तरंगत राहत नाही, कुठे निघूनही जात नाही. सरळ ताऱ्यात पडतो.

आणि ग्रह थांबवायला काय लागतं? दुसरा वजनदार ग्रह. आपली यानं गुरूच्या जवळून जाताना त्याचा किंचित वेग चोरतात आणि पुढे पळतात. इथं चोर मोठा होता. कुठल्याही ताऱ्याचा नसलेला, अंधारात भटकणारा एक अनाथ ग्रह, शर्वरीच्या कितीतरी पट जड, तिच्या अगदी जवळून गेला आणि तिचा सगळा आडवा वेग घेऊन निघून गेला. रेघेतला तो दुसरा खड्डा त्याचाच होता. असं घडण्याची शक्यता कोटीत एकसुद्धा नसेल. पण आकाशात तारेही काही कमी नाहीत.

थांबलेला ग्रह पडायला त्याच्या वर्षाचा साधारण सहावा हिस्सा लागतो. पृथ्वी अशी थांबली तर आपल्याला दोन महिने मिळतील. शर्वरीचं वर्ष एक्केचाळीस दिवसांचं, म्हणजे तिला मिळाला आठवडा. पहिल्या दिवशी ती जागची हललीय असं वाटणारही नाही. जवळजवळ अर्धं अंतर ती शेवटच्या दिवसात कापणार.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? करपलेल्या वड्यांच्या धुरात उभी राहून मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

मग दुसरा विचार आला, तो जास्त वाईट होता. ही गोष्ट या घडीला जगात मला एकटीला माहीत होती. तो तारा सूर्याच्या आड होता, पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीला दिसत नव्हता. वेळापत्रकाप्रमाणे गवाक्ष दोन दिवसांनी माझ्या ताऱ्याकडे वळणार होती. तिची मान एकदा वळली की स्थिर व्हायला दीड दिवस जातो, दोन्हीकडे बघणं शक्य नाही. माझ्या फोनवर तीन चौकोन होते. 'ठीक', 'यंत्रदोष' आणि 'तपासणी बाकी'. 'यंत्रदोष'वर बोट ठेवलं असतं की काम झालं असतं. शर्वरी कुणी न बघता पडली असती, आणि माझ्या ग्रहाचं बारसं झालं असतं.

"मंजिरी, वडे येताहेत का?" कौस्तुभनं बाहेरून हाक मारली.

"येताहेत," म्हटलं, आणि 'तपासणी बाकी' दाबलं.

सुनेत्राताई जेवून उठल्या तेव्हा त्यांच्या ताटात सुरळीच्या वड्या तशाच होत्या. पानात टाकणाऱ्यांतल्या त्या दिसत नव्हत्या. मी ओटीची तयारी करत होते. त्या पाठोपाठ आत आल्या आणि मोकळेपणानं पाटावर बसल्या. कौस्तुभ अंगणात हात धूत होता.

"स्वयंपाक झकास झाला हो," त्या म्हणाल्या. "वडी तेवढी टाकली, रागावू नकोस. आमच्यात डाळीच्या पिठाचं कुणाला सोसत नाही. मला नाही, हेमालाही नव्हतं सोसत."

"हेमा कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, जिचं आज जेवले ती."

"पण ही वडी त्यांच्या आवडीची ना? दर वर्षी कौस्तुभ आठवणीनं करायला सांगतो."

सुनेत्राताईंना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "सुरळीची वडी कौस्तुभरावांना आवडते," त्या म्हणाल्या. "ती त्यांच्यासाठी करायची. स्वतः खायची नाही."

मग त्यांनी सांगितलं. बहिणीचं नाव हेमांगी. लग्नात ताटात तांदूळ पसरले, कौस्तुभनं अंगठीनं नाव काढलं, सगळ्यांनी वाकून बघितलं तर शर्वरी. सासरचं नाव म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या आईनं फक्त मान फिरवली.

"शर्वरी म्हणजे रात्र ना गं?" सुनेत्राताई म्हणाल्या. "हेमा मला म्हणायची, 'ताई, यांनी लग्न रात्रीशीच लावलंय, मी आपली करवली.' नाव कधी आवडलं नाही तिला. पण बोलायची नाही, मानी होती. आणि तुमच्या त्या दुर्बिणीला ती काय म्हणायची माहितीये? सवत म्हणायची. आज सवतीकडे गेलेत, उद्या येतील."

मी कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"ती गेली त्या दिवशीही ते सवतीकडेच होते," त्या म्हणाल्या. "आम्ही काही बोललो नाही. बोलून ती परत येणार होती का?"

मी त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या बाईविषयी मी नऊ वर्षं मनात काय काय म्हणत आले, ते त्यांना दिसलं तर काय वाटेल, असं मला झालं. आणि तरीही राग काही गेला नाही. फक्त तो कुणावर धरायचा हे कळेनासं झालं.

त्या गेल्या आणि मी कौस्तुभला सांगितलं. फोन त्याच्यासमोर धरला. तो आलेख वाचायला त्याला माझी गरज नव्हती. मिनिटभर बघून तो सोवळ्यानिशी खुर्चीत बसला.

"किती दिवस आहेत?" त्यानं विचारलं. दवाखान्यात विचारतात तसं.

"आठवडा."

"गवाक्ष हलवू नकोस. तिथंच ठेव. शेवटपर्यंत." तो उठून येरझारा घालायला लागला. "पुढचा आठवडा कुणाला दिलाय? जो कोण असेल त्याचा नंबर दे, मी बोलतो. समजावून सांगतो. असं परत कधी दिसणार आहे? कुणीही समजून घेईल."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आता आठवेल, मग आठवेल.

"त्यांची हरकत नाही," मी म्हटलं.

"विचारलंस?"

"विचारलं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन लावायला बाहेर गेला.

याला त्याग वगैरे म्हणू नका. एक तर ग्रह पडतोय आणि आपण दुसरीकडे बघतोय, असं करणाऱ्या माणसानं या धंद्यात राहू नये. आणि दुसरं म्हणजे, मला तिला पडताना बघायचं होतं. डोळे भरून.

पुढचा आठवडा शर्वरीचाच होता. जगभर बातमी गेली. आपली पृथ्वीही थांबेल का, असं विचारणारे फोन केंद्रात यायला लागले. एका वाहिनीवर कुणी बुवा शांतीचा विधी सांगत होते. सगळ्यात जास्त मागणी कौस्तुभला होती. तेरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, आईवेगळी लेक, पत्नीच्या नावाचा ग्रह, सगळं तो सांगायचा, आणि छान सांगायचा. निवेदिका डोळे पुसायच्या. मी चहा द्यायला गेले तेव्हा एकीनं विचारलं, "आपण?" कौस्तुभ म्हणाला, "या मंजिरी. गवाक्षचं वेळापत्रक यांच्याकडे असतं." खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्या दिवशी वाहिनीवाले गेल्यावर मी विचारलं, "हेमांगी नाव का बदललंस?"

तो दचकला. "सुनेत्राताई म्हणाल्या वाटतं. माहेरचं नाव ते. शर्वरी तिला फार आवडायचं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? ती कधी नाही म्हणाली नाही."

"आणि सुरळीची वडी?"

"तीसुद्धा तिला..." एवढं बोलून तो थांबला. मग खिडकीपाशी जाऊन पवनचक्क्या बघायला लागला. मी त्याला एकट्याला सोडून आत गेले. वाटलं होतं त्याची जिरवल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं.

पाचव्या दिवशी ईराचा फोन आला. ती परीक्षेमुळे पुण्यालाच होती. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाबा, एक विचारू? उजेड इथं यायला सव्वीस वर्षं लागतात ना? म्हणजे हे सगळं तेव्हाच होऊन गेलंय."

"हो."

"म्हणजे तू आणि आई भेटलासुद्धा नव्हतात. तू नाव ठेवलंस तेव्हा तिथं ग्रह नव्हताच."

"नव्हता," कौस्तुभ म्हणाला. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण ते त्याला आत्ता कळलं, हे त्याच्या आवाजावरून मला कळलं. आणि मला काय कळलं ते मी सांगते. नऊ वर्षं मी ज्याच्यावर जळत होते त्याची तेव्हा राखही उरली नव्हती. तरी जळत होतेच की. अजूनही जळत होते.

शेवटच्या दिवशी पुण्यात एका मोठ्या सभागृहात पडद्यावर सगळं थेट दाखवणार होते. केंद्रातली माणसं झाडून तिकडे गेली. कौस्तुभला मानाचं आमंत्रण होतं, पण तो म्हणाला, मी इथंच बसणार, एकटा. मी बरं म्हटलं. संध्याकाळी त्याला चहा करून दिला, पडद्यांची मांडणी बघितली, आणि बाहेर येऊन मागच्या बुटक्या दगडी गडग्यावर बसले.

अंधार नुकताच पडला होता. ढग फुटून आकाश बरंच मोकळं झालं होतं. गरुडातला श्रवणाचा तारा डोक्यावर होता आणि त्याच्या खाली, जेमतेम दिसेल न दिसेल असा, माझा तारा. आत्ता या घटकेला त्याच्यासमोरून माझा ग्रह जात होता, आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. एक यंत्रही नाही. मी डोळे ताणून बघत होते. त्यानं काही दिसणार नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मान दुखेपर्यंत बघत होते. इतकी वर्षं वाट बघितली, निदान निरोपाला तरी कुणी असावं.

मागे पावलं वाजली. कौस्तुभ होता. फोन हातातच होता.

"ईराचा फोन आला होता," तो म्हणाला. "मला वाटलं आईबद्दल काही बोलेल. तर म्हणाली, बाबा, मंजू कुठंय? आज तिच्या ग्रहाचा दिवस होता."

मी ताऱ्यावरची नजर काढली नाही.

"तुझा आठवडा होता तो."

"हो."

"मी विचारलं, कुणाचा आहे, तेव्हा सांगायचं नाहीस?"

"दोनदा सांगितलं होतं," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा सांगून आठवण करून द्यायची असती, तर मी बायको कशाला, गजर झाले असते."

तो शेजारी बसला. दगड गार होते. मग त्यानं वर बघितलं. "कुठला गं?"

मी बोटानं दाखवला.

"नाव काय ठेवणार होतीस?"

"ते नाही सांगायची."

तो मान हलवून वर बघत राहिला. आतल्या खोलीचा उजेड खिडकीतून बाहेर पडला होता, आणि त्या उजेडात त्याची रिकामी खुर्ची दिसत होती.

"किती वेळ राहिलाय तिचा?" मी विचारलं.

"वीस मिनिटं. फार तर पंचवीस."

"मग इथं काय करतोयस? जा आत. चुकेल."

"नाही जात." त्यानं फोन बाजूला ठेवला. "माझ्या बघण्यानं तिला आता काय फरक पडणार आहे? सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट."

"आणि तू इथं बसल्यानं माझ्या ग्रहाला पडतो?"

"त्याला नाही," तो म्हणाला. "तुला पडतो."

नऊ वर्षं मी एवढंच मागत होते. तिच्याकडे पाठ करून त्यानं एकदा, एकदाच, माझ्या शेजारी येऊन बसावं. आणि तो येऊन बसला होता. माझा ग्रह गेला तो गेलाच, पण त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही. मी जिंकले होते. गळ्यापर्यंत आनंद आला होता. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावं म्हणून मी मान वळवली, आणि खिडकीतली ती खुर्ची पुन्हा दिसली.

ज्या दिवशी हेमांगी गेली त्या दिवशी हा दुसरीकडे बघत होता. आजही दुसरीकडेच बघत होता. तेव्हा तिची सवत दुर्बीण होती. आज मी होते.

मी गडग्यावरून उतरले आणि साडी झटकली.

"कुठे निघालीस?" कौस्तुभनं विचारलं.

"तू बस इथंच," मी म्हटलं. "माझ्या ग्रहाकडे बघ. तुझ्या बायकोपाशी मी बसते."